पुंगळीतली रिकामी जागा : रिव्हॉल्व्हर, दारू आणि टंचाई

एका पौंडात ७००० ग्रेन असतात. सोनाराच्या गुंजेसारखे हे एक जुने, बारीक वजन. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. अमेरिकेत घरच्या टेबलावर रिव्हॉल्व्हरची काडतुसे भरणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब या ग्रेनांत चालतो. दारूचा डबा पौंडाचा, बार ग्रेनांचा. दुकानातल्या फळ्या रिकाम्या पडू लागल्या की एका डब्यात किती बार होतील, या भागाकाराला एकदम महत्त्व येते. या भागाकारामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक धोका दडलेला आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुन्या कारखान्यांची सूचीपत्रके, शस्त्रांवरच्या पुस्तिका आणि व्यापाराचे अहवाल वाचत गेलो, आणि त्यातून हा विषय हाती लागला. आपल्याकडे काडतूस घरी भरण्याची रीत सामान्य माणसाच्या परिचयाची नाही, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी खर्च होतात; पुंगळी शिल्लक राहते. चारांत महाग वस्तू तीच. ती पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर गोळी दाबायची, एवढाच हा उद्योग. पश्चिमेकडचे रानरेड्यांचे शिकारी तो करत. १८८४ मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी 'आयडियल' नावाची कंपनी काढून त्यासाठी हातात मावणारी चिमट्यासारखी अवजारे विकायला सुरुवात केली. अवजारांबरोबर त्यांनी मापांच्या पुस्तिकाही छापल्या. या पुस्तिकांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

काळी दारू

काळी दारू आपल्या ओळखीची आहे. सोरा, गंधक आणि कोळसा. भुईनळ्यातही तेच तीन पदार्थ असतात. यातला सोरा हा मोठा वाटेकरी, आणि टंचाई यायची ती त्याचीच. १७७५ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनभोवती वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांना आपल्याकडे ३०८ पिंपे दारू असल्याचे वाटत होते. मोजली तेव्हा ३६ निघाली. माणशी नऊ बार.

१८६१ च्या यादवी युद्धात तर ही गोष्ट थेट हिंदुस्थानाशी येऊन भिडते. त्या काळी जगाच्या बाजारातला सोरा मुख्यतः बिहारमधून जाई. नोनिया समाजाचे लोक गावाभोवतीची खारट माती खरवडून, धुऊन, आटवून तो काढत आणि कलकत्त्याहून तो लंडनला पोहोचे. उत्तरेकडच्या सरकारच्या वतीने दारू कारखानदार घराण्यातले लामो ड्यू पाँ १८६१ च्या अखेरीस इंग्लंडला गेले आणि मिळेल तेवढा सोरा त्यांनी उचलला. तेवढ्यात 'ट्रेंट' या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेच्या दोन प्रतिनिधींना उत्तरेच्या नौदलाने पकडल्याची बातमी आली आणि ब्रिटनने सोऱ्याची निर्यात बंद केली. ते दोघे सुटल्यावरच माल हलला. दक्षिणेने चुनखडीच्या गुहांतली माती धुऊन सोरा काढला आणि जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन रेन्स यांच्या देखरेखीखाली कारखाना उभारला. तीन वर्षांत तिथे साडेसत्तावीस लाख पौंडांच्या आसपास दारू झाली.

याच लामो ड्यू पाँ यांनी १८५७ मध्ये दक्षिण अमेरिकेतला स्वस्त सोडियमचा सोरा वापरून दारू करण्याचे पेटंट घेतले होते. ती खाणींत उत्तम चालली, पण बंदुकीला चालली नाही, कारण ती हवेतला ओलावा ओढून घेते. मिळते ते आणि चालते ते यांत फरक असतो. टंचाईचा पहिला धडा हाच आहे, आणि तो पुढेही पुन्हा पुन्हा भेटतो.

त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चकतीच्या एकेका भोकात दारू ओतून वर गोळी ठोकत. काळ्या दारूचा एक गुण असा की, भोक भरले की माप संपले. जास्त घातली तर गोळी बसतच नाही. १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्टचे नवे रिव्हॉल्व्हर घेतले. त्याच्या '४५ कोल्ट' काडतुसाची पुंगळी मुळात ४० ग्रेन काळ्या दारूच्या मापाने घडवलेली होती. पौंडाला १७५ बार. खर्चीक खरे, पण भांडे हेच माप असल्यामुळे भरणारा चुकला तरी पुंगळीच त्याला अडवत असे.

धूर गेला, जागा उरली

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी बिनधुराची दारू सिद्ध केली. ही दारू म्हणजे मुळात कापूस. शोनबाइन यांनी १८४६ मध्ये दाखवून दिले होते की, कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लाची क्रिया केली की तो स्फोटक होतो. त्याला विरघळवून, दाबून, बारीक पापुद्रे किंवा दाणे केले की ती जळण्याची गती आवरता येते. अमेरिकेत लॅफ्लिन अँड रँड या कंपनीने १८९८ मध्ये 'बुल्सआय' आणि १९०० मध्ये 'युनिक' या दारू बाजारात आणल्या. कारखान्यांचे मालक अनेकदा बदलले, तरी ही दोन नावे सव्वाशे वर्षे टिकली.

बुल्सआय फार वेगाने जळते. त्यामुळे ती थोडी लागते, इतकी थोडी की ३८ स्पेशलसारख्या काडतुसात एका पौंडात हजाराहून कितीतरी अधिक बार निघतात. पण पुंगळ्या जुन्याच राहिल्या. '४५ कोल्ट'ची पुंगळी ४० ग्रेनांसाठी घडलेली. ३८ स्पेशलही काळ्या दारूच्या अखेरच्या दिवसांतली, एकवीस ग्रेनांच्या मापाची. त्यांत नव्या दारूची चिमूट घातली की पुंगळी बहुतांश रिकामीच राहते. एकच बार चुकून दोनदा ओतला तरी तो आत मावतो आणि वर गोळी नीट बसते. बाहेरून काही कळत नाही. चाप ओढल्यावर कळते, आणि तेव्हा चकती फुटलेली असते.

बिनधुराच्या दारूने काडतूस भरणे स्वस्त केले, असे सगळीकडे लिहिलेले सापडते. ते खरे आहे. माझे म्हणणे इतकेच की, जी काटकसर तिने दिली तीच धोक्याची जागा झाली. काळी दारू उधळी होती म्हणून सुरक्षित होती. नवी दारू जितकी पुरवठ्याची, तितकी चुकीला जागा ठेवणारी. टंचाई माणसाला नेमकी याच बाजूला ढकलते, कारण डबा एकच मिळणार असेल तर ज्यात जास्त बार निघतील तोच तो घेणार.

मुबलक, पण निरुपयोगी

टंचाई संपली म्हणजे प्रश्न सुटला, असेही होत नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखाने लष्करासाठी चालले आणि नागरिकांना दारू जवळजवळ मिळेनाशी झाली. युद्ध संपल्यावर सरकारकडे रायफलच्या दारूचे डोंगर उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती दारू घाऊक घेऊन किरकोळ ग्राहकांना स्वस्तात विकली आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. पण '४८९५' नावाची ती दारू रायफलच्या लांब नळीसाठी होती, सावकाश जळणारी. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत ती पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. म्हणजे रायफलवाल्याची चैन झाली आणि रिव्हॉल्व्हरवाला शेजारी उभा राहून बघत बसला.

उलट बाजूची सावकाश दारूही आहे. १९३५ च्या '३५७ मॅग्नम'सारख्या जोरकस काडतुसांसाठी हर्क्युलिसची '२४००' वापरात आली. ती पुंगळी बरीच भरते आणि दुप्पट बार मावत नाही. पण पौंडाला बार बरेच कमी निघतात. '३५७'ची पुंगळी ३८ स्पेशलपेक्षा इंचाच्या आठव्या भागाइतकी लांब केली, तीही जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती शिरू नये म्हणून. पुंगळीच्या लांबीला इथे कुलपाचे काम दिले आहे.

ताज्या टंचाया

२०१२ च्या डिसेंबरमधल्या सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे कायदे येतील या धास्तीने अमेरिकेत दारू आणि टोप्या दुकानांतून नाहीशा झाल्या. २०२० मध्ये महामारीत तेच झाले. पुढे युक्रेन युद्धाने तोफांची भूक वाढवली. अशा वेळी लोकांनी काय केले? काहींनी हवी ती दारू न मिळाल्यामुळे मिळेल ती घेतली. त्यात शहाणपणाचा एक मार्ग होता : हॉजडनची 'एचपी-३८' आणि विंचेस्टरची '२३१' ही एकच दारू दोन नावांनी विकली जाते, हे ठाऊक असलेला माणूस फळीवर एक नसेल तर दुसरी उचलत असे. पण त्याच वर्षांत 'दिसायला तशीच आहे' या आधारावर अदलाबदल करण्याचा मोहही होता. दारूच्या पापुद्र्याच्या रंगावरून किंवा आकारावरून तिचा वेग ओळखता येत नाही. 'एच-११०'सारख्या सावकाश दारूत काटकसर म्हणून माप कमी केले तर सुरक्षितता वाढत नाही. अशा बारांबाबत उत्पादक उलट इशारा देतात.

याच काळात मला सर्वांत बोलकी वाटली ती 'ट्रेल बॉस' या दारूची गोष्ट. कडीच्या आकाराचे, हलके, फुगीर दाणे. मुद्दामच अशी केलेली की थोड्या वजनात जुनी मोठी पुंगळी भरावी आणि दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडावी. १८९८ पासून रिकामी राहिलेली जागा कोणीतरी विचारपूर्वक भरून काढली होती. टंचाई आली आणि फळीवरून हीच दिसेनाशी झाली.

मग भरणाऱ्याच्या हाती उरते काय? तराजू, आणि उत्पादकाने छापलेला तक्ता. बार्लोंच्या पुस्तिकेपासून १९३७ मधल्या फिलिप शार्प यांच्या जाडजूड ग्रंथापर्यंत या सगळ्या लेखनाचा गाभा तोच : या दारूला या पुंगळीत इतकेच, याहून अधिक नाही. काळ्या दारूच्या काळात हे पुंगळी सांगत होती. पुढे ते कागदाला सांगावे लागले. म्हणून टंचाईत दारू निवडण्याचा खरा क्रम असा : आधी रिव्हॉल्व्हरला काय सोसेल, मग कशासाठी छापील माप आहे, आणि शेवटी पौंडात किती बार. बाजार हा क्रम उलटा करायला लावतो.

शेवटी एक गोष्ट आपल्या दाराची. मी कापसाच्या मुलखात राहतो. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून जी आखूड लव राहते, तिला लिंटर म्हणतात. बिनधुराच्या दारूचा मूळ कच्चा माल हीच लव. लाकडाच्या लगद्यापासूनही ती होते, पण लिंटरचा मान जुना. २०२४ मध्ये युरोपियन महासंघाचे तत्कालीन आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी युरोपच्या दारूला लागणारा हा कापूस मुख्यतः चीनमधून येतो, अशी चिंता जाहीरपणे बोलून दाखवली. १८६१ मध्ये बिहारची माती अडली तेव्हा अमेरिकेच्या तोफा अडणार होत्या. आता सरकीच्या लवेवर तोच प्रसंग आहे. सोऱ्याची जागा कापसाने घेतली, एवढाच बदल. तोफांना आधी, रायफलींना नंतर आणि घरच्या टेबलावरच्या रिव्हॉल्व्हरवाल्याला सर्वांत शेवटी, हा वाटपाचा क्रम मात्र दीडशे वर्षांत बदललेला नाही.