प्रतिपिंडांचे जनुकीय प्रदान
रोगकारकास चिकटून त्यास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे ही प्रथिने कारखान्यात तयार करून टोचण्याऐवजी, ती घडविण्याची जनुकीय माहितीच शरीरातील कोशिकांत (पेशींत) पोहोचवावयाची व प्रतिपिंडांची निर्मिती त्या कोशिकांकडून करवून घ्यावयाची, अशी ही पद्धत आहे. लस शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस शिकविते. येथे शिकविण्याची पायरीच वगळलेली असते. त्यामुळे लशीस पुरेसा प्रतिसाद न देणारी तान्ही मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्या दृष्टीने, विशेषतः श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य रोगांत, तिचे महत्त्व आहे. ही पद्धत अद्याप प्रायोगिक अवस्थेतच आहे.

तयार प्रतिपिंडे देण्याची मूळ कल्पना मात्र जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिन येथे एमिल फोन बेरिंग व किटासाटो शिबासाबुरो यांनी धनुर्वात व घटसर्प यांबाबत असे दाखविले की, प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास दिल्यास त्याचेही संरक्षण होते. पुढे घोड्यांच्या रक्तरसाने असंख्य मुलांचे प्राण वाचले. परंतु या उसन्या संरक्षणात दोन दोष होते. परक्या प्राण्याच्या प्रथिनांमुळे ताप, पुरळ व सांधेदुखी उद्भवे (या ‘रक्तरसजन्य विकारा’चे सविस्तर वर्णन पिर्के व शिक यांनी १९०५ मध्ये केले), आणि मिळालेले संरक्षण काही आठवड्यांतच ओसरे. पहिल्या दोषावर मानवी रक्तातील ग्लोब्युलिनाने व पुढे १९७५ मध्ये केलर व मिलस्टाइन यांनी शोधलेल्या एककृंतक (एकाच कोशिकेच्या वंशजांपासून मिळणाऱ्या) प्रतिपिंडांच्या तंत्राने मात करता आली. दुसरा दोष दीर्घकाळ तसाच राहिला.

श्वसनरोगांपुरते पाहिले, तर या कल्पनेची खरी कसोटी आरएसव्ही या विषाणूने घेतली. तो तान्ह्या मुलांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज आणतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत त्यावर फॉर्मॅलिनाने निष्क्रिय केलेली लस देऊन पाहण्यात आली. संरक्षण तर मिळाले नाहीच, उलट लस घेतलेल्या मुलांना पुढे संसर्ग झाला, तेव्हा रोग अधिक तीव्र झाला. त्यांपैकी दोन बालके दगावली. या आघातामुळे आरएसव्हीच्या लशीचे काम कित्येक दशके मागे पडले आणि संशोधक तयार प्रतिपिंडांकडे वळले. १९९६ मध्ये संमत झालेले ग्लोब्युलीन शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ७५० मिग्रॅ. या प्रमाणात शिरेवाटे द्यावे लागे. १९९८ मधील पॅलिव्हिझुमॅब या एककृंतक प्रतिपिंडाची मात्रा अवघी १५ मिग्रॅ. होती, तथापि ती रोगाच्या हंगामात दर महिन्यास टोचावी लागे व तिची किंमत इतकी होती की, श्रीमंत देशांतही ती बहुधा अकाली जन्मलेल्या वा हृदय-फुप्फुसांचे विकार असलेल्या बालकांपुरतीच राखून ठेवण्यात आली.

जनुकीय प्रदानाचा विचार या मुदतीच्या व खर्चाच्या अडचणीतून पाहिला म्हणजे त्याचे प्रयोजन ध्यानात येते. त्याचा प्रारंभ एचआयव्हीच्या संशोधनात झाला. २००२ मध्ये अ‍ॅडिनो-सहचारी विषाणू या निरुपद्रवी वाहकाद्वारे प्रतिपिंडाचे जनुक उंदरांच्या स्नायूंत पोहोचविण्यात आले आणि अनेक महिने प्रतिपिंड रक्तात आढळत राहिले. २००८ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडाचे जनुक देऊन उंदरांच्या फुप्फुसांचे रक्षण केले. २०१३ मध्ये बालाझ्स, बॉल्टिमोर व सहकाऱ्यांनी एकाच अंतःक्षेपणाने उंदरांस इन्फ्ल्यूएंझाच्या निरनिराळ्या प्रकारांपासून संरक्षण दिले; त्यांत वृद्ध व प्रतिकारशक्तिहीन उंदीरही होते, हे विशेष. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुक नाकावाटे देण्यात आले आणि उंदीर व फेरेट यांचा बचाव झाला. विषाणू ज्या दाराने शिरतो, तेथेच पहारा बसविण्याची ही युक्ती मार्मिक होय. मात्र नाकाच्या अस्तरातील कोशिका सतत झडत असल्याने तिचा परिणाम स्नायूतील जनुकाइतका टिकत नाही.

माणसात ही वाट इतकी सरळ ठरली नाही. एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते रक्तात नेहमीच्या कसोटीने सापडलेच नाही. शरीराने त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण केली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत आठही व्यक्तींत ते आढळले, तरी तिघांत अशी प्रतिक्रिया दिसून आली. वाहक विषाणूशी अनेकांचा पूर्वीच संपर्क झालेला असतो, हीदेखील अडचण आहेच.

याहून गंभीर प्रश्न टिकाऊपणातूनच उद्भवतो. टोचलेले प्रतिपिंड अपायकारक ठरले, तर ते यथाकाल नाहीसे होते. स्नायूत बसविलेले जनुक परत काढून घेता येत नाही. शिवाय श्वसनमार्गाचे विषाणू बदलतात. टिक्सागेव्हिमॅब व सिल्गाव्हिमॅब या जोडीस अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये कोव्हिड-१९ च्या प्रतिबंधासाठी तातडीची संमती मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या विषाणुप्रकारांपुढे ती निष्प्रभ ठरल्याने तिचा वापर थांबविण्यात आला. वर्षानुवर्षे एकच प्रतिपिंड स्रवणारे जनुक अशा विषाणूविरुद्ध काय कामाचे, ही शंका रास्त आहे. आरएसव्हीचे संलयन-प्रथिन त्यामानाने स्थिर असल्याने तेथे ही पद्धत अधिक शोभते. परंतु तेथेच निर्सेव्हिमॅब हे दीर्घायुषी प्रतिपिंड (यूरोपात २०२२, अमेरिकेत २०२३ मध्ये संमत) एकाच अंतःक्षेपणाने पूर्ण हंगाम पुरते.

म्हणूनच अलीकडे अल्पायुषी संदेशवाहक आरएनए व डीएनएची वर्तुळे (प्लास्मिडे) यांकडे लक्ष वळले आहे. आरएनए काही दिवसांत विघटित होतो, त्यामुळे त्याचा परिणाम आपोआप आटोक्यात राहतो. डीएनएचे वर्तुळ स्नायूत टोचून विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी कोशिकांत शिरविले जाते व त्यास वाहक विषाणू लागत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४ निरोगी प्रौढांस कोव्हिड-१९ च्या विषाणूविरुद्ध दोन प्रतिपिंडांची जनुके या रीतीने देण्यात आली. प्रतिपिंडे ७२ आठवड्यांपर्यंत आढळली आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया दिसली नाही. त्यांचे रक्तातील प्रमाण मात्र तयार प्रतिपिंडे टोचून मिळणाऱ्या प्रमाणाच्या मानाने बरेच कमी होते.