दोन मार्गांची कळ

1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओच्या कार्यक्रमांतून हार्मोनियम हद्दपार झाली. आक्षेप असा की, या वाद्यात मींड निघत नाही आणि त्याचे बारा स्वर सप्तकाच्या सारख्या वाटण्या करून बसवलेले असल्यामुळे ते आपल्या कानाला बेसूर वाटतात. जॉन फाउल्ड्ज हे इंग्रज संगीतकार 1937 पासून दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. त्यांनी 1938 साली हार्मोनियमविरुद्ध लेख लिहून या मताला बळ दिले होते. ही बंदी 1971 साली शिथिल झाली. अमुक नाद शुद्ध, अमुक सदोष, हा निवाडा सरकारी दप्तरात तीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला. या निवाड्याशेजारी मला आज एका अगदी वेगळ्या वाद्याची कथा ठेवायची आहे. ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारी गिटार.

पडदे असलेल्या गिटारचे सप्तकही हार्मोनियमसारखेच समान वाटणीचे. मात्र 1932 च्या सुमारास बाजारात आलेली पहिली यशस्वी विद्युत गिटार पडद्यांवर बोटे दाबून वाजवायची नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून लोखंडी कांडी सरकवून वाजवायची हवाईयन तऱ्हेची होती. कांडी सरकली की मींड आपोआपच येते. आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांनी याच तऱ्हेने चित्रपटगीतांच्या चाली ध्वनिमुद्रिकांवर वाजवल्या, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये तिला संतूर-बासरीच्या पंक्तीत बसवले.

तारेखालच्या चुंबकातून निघणारा विद्युत्प्रवाह फार दुबळा असतो. त्याला प्रथम सशक्त करून त्याचा खर्ज, मध्य आणि तार भाग कमीअधिक करणारा जो विभाग, तो प्रीअँप. त्यानंतरचा विभाग केवळ कर्णा हलवण्याचे बळ पुरवतो. प्रारंभीच्या अभियंत्यांचा सारा प्रयत्न नाद निर्मळ ठेवण्याचा होता. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला की तरंगांचे माथे छाटले जातात व नाद खरखरीत होतो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने हा निखालस दोष. पण तरुण वादकांना तोच आवडला. लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने तर 1964 साली कर्ण्याचा पडदा पात्याने चिरून हा दोष मुद्दाम निर्माण केला! पुढे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी प्रीअँपमध्ये वर्धनाची एक पायरी वाढवली आणि आवाज न वाढवताही तो खरखरीतपणा मिळू लागला. निर्मळ आणि खरखरीत असे दोन मार्ग एकाच पेटीत आले व पायाने दाबायच्या कळीने वादक गाण्याच्या ऐन मध्यावर एकावरून दुसऱ्यावर जाऊ लागला. आता तर प्रीअँपचे असे सुटे भाग मिळतात की ते चौकटीत हवे तसे घालावे नि काढावे.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. खरखरीत मार्गावर दोन स्वर एकत्र छेडले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसराच स्वर उमटतो. षड्ज-पंचमाचे प्रमाण 2 : 3, वजाबाकी 1, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणून ही जोडी भरदार लागते. समान वाटणीत पंचम 1.5 ऐवजी 1.498 येतो, एवढे खपून जाते. पण गांधार 1.25 ऐवजी 1.26 असतो, आणि निर्मळ मार्गावर दडून राहणारी ही चढण दुसऱ्या मार्गावर घरघर होऊन बाहेर पडते. हार्मोनियमच्या विरोधकांना नेमका हाच गांधार खुपत होता. त्यांचा कान खोटा नव्हता. मात्र गिटारवाल्यांनी त्यावर हुकूम काढला नाही. ते गांधार वगळून सा-प वाजवू लागले.

दिल्लीला हा धडा दुसऱ्या वाटेने मिळाला. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्या पुण्याचे गृहस्थ; त्यांच्या धोरणामुळे 1952 नंतर चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेला आश्रय मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण श्रोत्यांनी रेडिओचे बटण फिरवून सिलोन लावले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविधभारती सुरू झाली, म्हणजे दुसरा मार्ग उघडला. शासनात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला तो अधिक शहाणपणाचा वाटतो.

याच शहरात 1991 साली ‘परिक्रमा’ हा रॉक वाद्यवृंद निघाला. त्यात विद्युत गिटारच्या जोडीला व्हायोलिन आणि तबलाही आहे. अशा मेळात स्वरांची बटणे कशी लावावी, हा प्रश्न वाटतो त्याहून कठीण आहे. जुन्या धर्तीच्या प्रीअँपमध्ये खर्ज, मध्य व तार ही तिन्ही बटणे मुख्यतः वगळण्याचे काम करतात, शिवाय एक फिरवले की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. एकट्याने वाजवताना मध्य भाग कमी केला की नाद गोड लागतो. मेळात मात्र व्हायोलिनपुढे गिटार ऐकूच येत नाही. कानाचीही एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून घरी हलक्या आवाजात खर्जाचे बटण वर चढवले, तर रंगमंचावर तबल्याचा डग्गा त्यात बुडून जातो. शिवाय खरखरीत मार्गावर तार कितीही जोराने छेडली तरी आवाज फारसा वाढत नाही, तर निर्मळ मार्गावर तो उसळतो. तेव्हा दोन्ही मार्गांची पातळी जुळवायची ती तबला, व्हायोलिन आणि ढोल वाजत असतानाच, कळ पुन्हा पुन्हा दाबून.