गवत आले, जंगल अडले

अमेरिकेतल्या ॲपलेशिया पर्वतरांगांनी त्या देशाला शंभरहून अधिक वर्षे कोळसा पुरवला. विसाव्या शतकात बुलडोझर आणि अजस्र शॉवेल आले, तशी केंटकी-वेस्ट व्हर्जिनियातली बरीच खाणकामे भुयारातून उघड्यावर आली. कोळशाच्या थरावरची माती आणि खडक, म्हणजे चंद्रपूर-उमरेडकडे ज्याला ‘ओबी’ म्हणतात ते, सर्रास उतारावर ढकलून दिले जाई. वेस्ट व्हर्जिनियाने १९३९ मध्येच उघड्या खाणींसाठी कायदा केला होता. पण राज्याराज्यांचे नियम ढिले होते. पावसाळी ओढे गाळाने भरत, उतार घसरत.

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकच्या खोऱ्यात खाणीच्या गाळाचा बंधारा फुटला आणि १२५ माणसे दगावली. खाणींना वेसण घालणारा केंद्रीय कायदा तरीही सहजी झाला नाही. अध्यक्ष फोर्ड यांनी तो दोनदा अडवला. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांची सही झाली.

कायदा कडक होता. खड्डा बुजवायचा, डोंगराला जवळपास मूळचा आकार द्यायचा, वरची माती जपायची आणि जमीन पुन्हा झाडोऱ्याखाली आणायची. त्यासाठी कंपनीने आधीच बाँड भरायचा. पुरेशा पावसाच्या प्रदेशात लागवडीची जबाबदारी पाच वर्षे, वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तिथे दहा वर्षे. तोवर पैसे अडकलेले.

पैसे लवकर सुटावेत, ही कंपन्यांची घाई. दरड कोसळू नये, ओढ्यात गाळ जाऊ नये, ही निरीक्षकांची काळजी. दोघांनाही एकच उपाय सोयीचा वाटला. बुलडोझर उतारावर इतक्या वेळा फिरवायचे, की जमीन गुळगुळीत आणि घट्ट व्हावी. मग बी, खत आणि लगदा यांचे हिरवे मिश्रण फवाऱ्याने मारायचे. बी बहुधा ‘केंटकी-३१’ या फेस्क्यू गवताचे. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर सापडलेले हे चिवट गवत १९४३ पासून बियाणे म्हणून मिळू लागले होते. ते झपाट्याने पसरे आणि तपासणीत जमीन पास होई.

झाडांचे मात्र हाल झाले. दाबून दगडासारख्या झालेल्या जमिनीत मूळ खाली जाईना, ते कुंडीतल्यासारखे वळसे घेई. हिवाळ्यात खड्ड्यात पाणी साचे, उन्हाळ्यात तोच खड्डा कोरडाठाक. वर दाट गवत पाणी आणि ऊन पळवी. त्या गवताच्या आडोशाने उंदरांसारखे व्होल प्राणी रोपाची साल बुंध्याभोवती कुरतडून टाकत. गंमत अशी, की कायद्याआधीच्या, कुणी फारसे न सपाटलेल्या कित्येक ढिगाऱ्यांवर यापेक्षा चांगले जंगल उभे होते.

व्हर्जिनिया टेक आणि केंटकी विद्यापीठाच्या वनशास्त्रज्ञांनी या विरोधाभासाचा पाठपुरावा केला. पूर्व केंटकीतल्या स्टारफायर खाणीवर १९९०च्या दशकात केंटकीच्या गटाने शेजारी शेजारी पट्टे आखले; काही दाबलेले, काही ट्रकमधून नुसते ओतून सोडलेले. ओतलेल्या, उंचसखल पट्ट्यांवर ओक आणि यलो पॉपलर तरारले. २००४ मध्ये केंद्रीय खाण विभाग आणि ॲपलेशियातली राज्ये एकत्र आली आणि पुढे पाच पायऱ्यांची पद्धत रुळली: मुळांसाठी किमान चार फूट चांगला थर, त्यावर कमीत कमी बुलडोझर, झाडांना न दाबणारे विरळ गवत, जमीन धरणारी आणि लाकूड देणारी अशी दोन्ही प्रकारची झाडे, आणि नीट लागवड. कायदा तोच राहिला. शिवाय बुलडोझरच्या फेऱ्या कमी झाल्याने डिझेलही वाचले.

आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने, मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून, सुरुवात केली. कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर त्यांनी हेक्टरी ५० टन प्रमाणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ मिसळला आणि रोपांबरोबर रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मुळांशी नाते जोडणारी बुरशी सोडली. त्या ढिगाऱ्यात हे जीव आधी जवळजवळ नव्हतेच. नंतर ते भरपूर वाढले.

अमेरिकेत नवी पद्धत नव्या खाणींना लागू करणे सोपे होते. पण आधीच घट्ट करून ठेवलेली जमीन पुन्हा नांगरावी लागते: बुलडोझरमागे पोलादी दात जोडून तीन-चार फूट खोल, आडवे-उभे. पेन्सिल्व्हेनियात ११ सप्टेंबर २००१ रोजी फ्लाइट ९३ कोसळले, ते ठिकाण म्हणजे अशीच जुनी कोळसा खाण. तिथल्या राष्ट्रीय स्मारकाभोवती २०१२ पासून स्वयंसेवक अशा फोडलेल्या जमिनीत झाडे लावू लागले. त्यांत संकरित अमेरिकन चेस्टनटही आहे. १९०४ मध्ये आढळलेल्या करपा रोगाने मूळ अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडे संपवली होती.

पण बाँड सुटलेल्या जमिनीवर कंपनीची जबाबदारी उरत नाही. त्यामुळे नांगरटीचा खर्च अनुदाने आणि देणग्यांतून उभा करावा लागतो. शिवाय गवताचेही पाठीराखे आहेत. केंटकीने १९९७ ते २००२ दरम्यान पश्चिमेकडून १५००हून अधिक एल्क हरणे आणून पूर्वेकडच्या खाणपट्ट्यात सोडली. एल्कना ही खाणींवरची कुरणे मानवली आणि त्यांच्या शिकारीचे परवाने, पर्यटन यांतून तिथे पैसा येऊ लागला. त्यामुळे कुठली माळराने फोडायची आणि कुठली राखायची, हा वाद तिथे अजून चालू आहे.