लहान रुळांचा इतिहास : बार्शी लाइट आणि प्रतिकृतिकारांची मंडळे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने रेल्वेवर, आणि त्यातही रेल्वेच्या चिमुकल्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचे आणि माऊलीच्या देवस्थानाचे गाव. येथून रस्ता जांबोटीमार्गे बेळगावला जातो आणि चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतो. रेल्वे मात्र येथे कधी आली नाही. तरीही ज्या अरुंदमापी रेल्वेविषयी मी बोलणार आहे, तिच्याशी या भागातील घराघराचा संबंध आलेला आहे. तो संबंध पंढरीच्या वाटेवरचा आहे.

मिरजेचा गाडीबदल

१८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ बेळगाव, खानापूर, लोंढा या भागात आले आणि १८८८मध्ये कॅसलरॉकमार्गे ते मार्मागोव्याच्या बंदराला जोडले गेले. हा मार्ग एक मीटर मापाचा होता. १९२७मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून मिरजेपर्यंत येऊन पोहोचली, तेव्हापासून आपल्याकडील वारकऱ्याचा प्रवास ठरून गेला. बेळगावकडून मीटरमापी गाडीने मिरजेपर्यंत जायचे, तेथे बोचकी डोक्यावर घेऊन फलाट बदलायचा आणि अडीच फूट मापाच्या छोट्या गाडीत बसून कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला करीत चंद्रभागा गाठायची. पुढे १९७१पर्यंत पुणे, मिरज व कोल्हापूर हा मार्ग रुंदमापी झाला आणि रुंद, मीटर व अरुंद अशी तिन्ही मापे एकाच मिरज जंक्शनात नांदू लागली. १९९०च्या दशकात बेळगावचा मार्गही रुंदमापी झाला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइटचे अरुंद रूळ टप्प्याटप्प्याने उखडले गेले. आज त्या मार्गावरून रुंदमापी गाड्या धावतात. त्या छोट्या गाडीतून पंढरीस गेलेली माणसे मात्र या सभागृहातही असतील.

अरुंद मापाचे पूर्वसूत्र

हिंदुस्थानातील अरुंदमापी रेल्वेचा आरंभ मराठी राज्यकर्त्यांच्या संस्थानात झाला, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. १८६२मध्ये खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. प्रारंभी त्यावरील डबे बैल ओढीत असत. वाफेच्या इंजिनाजोगे भक्कम रूळ तेथे पुढे १८७३मध्ये पडले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तर दोन फुटी मापाचे जाळेच उभारले. त्यांपैकी ग्वाल्हेर ते श्योपूर ही सुमारे दोनशे किलोमीटरची गाडी २०२०पर्यंत चालू होती. याच माधवरावांची चांदीची छोटी आगगाडी जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात पाहावयास मिळते. मेजवानीच्या टेबलावर बसवलेल्या रुळांवरून ती मद्याच्या सुरया पाहुण्यांसमोर नेत असे, आणि पाहुण्याने सुरई उचलली की जागीच थांबत असे. खरी रेल्वे आणि खेळातली रेल्वे यांची आवड एकाच माणसाच्या ठायी असू शकते, हे त्या चांदीच्या गाडीवरून दिसते.

कॅलथ्रॉप आणि बार्शी लाइट

आपल्या वाटेवरची छोटी गाडी ज्याच्या बुद्धीतून निघाली, तो एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ. पण मुंबई-मद्रास हमरस्त्याची रेल्वे तिला वीस-बावीस मैल दूर ठेवून कुर्डुवाडीवरून गेली होती. हे अंतर स्वस्तात कसे सांधावे, हा प्रश्न होता. कॅलथ्रॉपने १८९५मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन केली आणि १८९७मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू झाला.

त्याची युक्ती साधी होती. इंजिन असो की मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा नियम त्याने घालून घेतला. त्यासाठी इंजिनाचे वजन अधिक आसांवर वाटून दिले आणि डब्यांच्या चौकटी दाबीव पोलादाच्या, हलक्या परंतु लांब केल्या. भार असा सारखा विभागल्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरेसे ठरले. रूळ हलके म्हणून भराव हलका, पूल हलके आणि खर्चही हलका. ही सामग्री भारतात पाठवण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ खास रूळ टाकून तिची जाहीर चाचणी घेण्यात आली होती. पुढे १९०६मध्ये मार्ग पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग आपल्याकडे घेतला.

सीमाभागातील श्रोत्यांपुढे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बार्शी व पंढरपूर ब्रिटिश मुलखात, लातूर निजामाच्या राज्यात आणि मिरज पटवर्धनांच्या संस्थानात होते. तीन राजवटींच्या हद्दी ओलांडीत ही एकच गाडी चालत होती, आणि तिच्यातील प्रवाशाच्या दृष्टीने अखेरचे स्थानक एकच होते.

आठ मैलांचे भाग्य

बार्शीची कीर्ती झाल्यावर कॅलथ्रॉपला मायदेशी बोलावणे आले. स्टॅफर्डशायर परगण्यातील लीक अँड मॅनिफोल्ड हा सुमारे आठ मैलांचा अडीच फुटी मार्ग त्याने आखला व तो १९०४मध्ये सुरू झाला. त्यावरील इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. बार्शीची इंजिनेही त्याच कारखान्याची. इंग्लंडच्या हिरव्या दरीत हिंदुस्थानी धाटणीची गाडी धावू लागली. गवळ्यांचे दूध वाहून नेणारा तो मार्ग फायद्यात चालला नाही आणि १९३४मध्ये बंद पडला. रूळ काढून तेथे पायवाट करण्यात आली.

कथा येथे संपावयास हवी होती. ती संपली नाही, याचे कारण प्रतिकृतिकारांची मंडळे. इंग्लंडमध्ये अशा हौशी मंडळांची परंपरा जुनी आहे. लंडनचे मॉडेल रेल्वे क्लब हे मंडळ १९१०मध्ये स्थापन झाले. अरुंदमापी रेल्वेवर विशेष प्रेम करणाऱ्यांनी १९७३मध्ये ‘डबल-ओ-नाइन सोसायटी’ स्थापन केली. गावोगावी तिचे स्थानिक गट आहेत आणि तिचे स्वतःचे नियतकालिक आहे. सभासद ठरावीक दिवशी जमतात, जुने नकाशे व छायाचित्रे पुढ्यात घेऊन चर्चा करतात, वापरलेली इंजिने व सुटे भाग एकमेकांना विकतात आणि सभागृहे घेऊन प्रदर्शने भरवतात. अमेरिकेतही अरुंदमापी प्रतिकृतिकारांचे अधिवेशन १९८०च्या दशकापासून दरवर्षी निरनिराळ्या शहरांत भरते. त्यात प्रात्यक्षिके होतात, स्पर्धा होतात आणि सभासदांच्या घरोघरी मांडलेल्या रेल्वे पाहण्यासाठी सहली निघतात. अवघी तीस वर्षे चाललेली मॅनिफोल्डची आठ मैलांची गाडी या मंडळींची फार लाडकी आहे. शंभरांहून अधिक वर्षे चाललेल्या आपल्या बार्शी लाइटच्या प्रतिकृती मात्र माझ्या पाहण्यात क्वचितच आल्या.

मापाचे गणित आणि निवड

या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. त्याचा पाया गणिताचा आहे. जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. अडीच फुटांचे माप म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास ८७ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतातच. तेव्हा पाव मिलिमीटरचा फरक सोडला तर बार्शी लाइटच्या प्रतिकृतीस ते अगदी चपखल बसतात.

आता दुसरे गणित करू. ३२५ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग याच प्रमाणात मांडावयाचा म्हटले तर पावणेचार किलोमीटर जागा लागेल. एवढी जागा कोणाकडेच नसते. म्हणून प्रतिकृतिकारास निवड करावी लागते. एखादे स्थानक, एखादा पूल, एखादा वर्षाचा काळ तो निवडतो. काय ठेवावे आणि काय गाळावे, हाच प्रश्न इतिहासकारापुढेही असतो. फरक एवढाच की इतिहासकारास ‘स्थानकाजवळ एक झाड होते’ एवढे लिहून पुढे जाता येते. प्रतिकृतिकाराला ते झाड कडुनिंबाचे की बाभळीचे, फलाटाच्या कोणत्या टोकास आणि किती उंच, हे ठरवल्यावाचून हात हलवता येत नाही. लहान करावयाचे म्हणून त्याला नेमके विचारावे लागते. सांधा कोठे होता, पाण्याची टाकी कोणत्या बाजूस होती, हे प्रश्न कागदपत्रांना विचारून भागत नाही. मग तो जुन्या सांधेवाल्याच्या घरी जाऊन विचारतो.

पुण्याचे उदाहरण

आपल्याकडे असे कोणी केले नाही, असे मात्र नाही. पुण्याचे भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदातून प्रतिकृतींची मोठी मांडणी उभी केली. प्रथम ती सुटी करून ठिकठिकाणी नेता येत असे. पुढे कोथरूड परिसरात १ एप्रिल १९९८ रोजी तिचे कायमस्वरूपी संग्रहालय झाले. सिग्नल, पूल, रस्ते, दिवे यांनी गजबजलेले एक अख्खे शहर तेथे आहे आणि त्यातून निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या देशांतील गाड्या धावतात. भाऊसाहेब आज नाहीत, परंतु एका माणसाची चिकाटी काय करू शकते हे त्या संग्रहालयात गेल्यावर कळते. त्यापुढचे पाऊल एकट्याच्या चिकाटीने पडणार नाही; त्यासाठी मंडळ हवे.

प्रतिकृतीत नसलेला माणूस

या मंडळांविषयी मला आदर आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. त्यांचे मन इंजिनात अधिक रमते. इंजिनाचा प्रत्येक खिळा जागच्या जागी असतो, पण फलाटावर माणसे तुरळक असतात. बार्शी लाइटचा इतिहास मात्र मुख्यतः माणसांचा आहे. दोन मापे जेथे मिळत तेथे प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घालावे लागे. ते पाठीवरून नेणाऱ्या हमालाशिवाय कुर्डुवाडीची प्रतिकृती पुरी होत नाही. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीशिवाय पंढरपूरचे स्थानक पुरे होत नाही. ही माणसे परदेशातील मंडळे मांडू शकणार नाहीत, कारण त्यांची आठवण आपल्याकडे आहे. ती आठवण ज्यांच्यापाशी आहे ते आता वृद्ध झाले आहेत. छोट्या गाडीत बसावयास जागा कशी मिळे, शिदोरी कोठे सोडली जाई, मिरजेला किती वेळ ताटकळावे लागे, हे सांगणारा माणूस गेला की ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या मुलांना दिवाळीत किल्ला करता येतो. बेळगाव भागातील पोरे शिवरायांचा एखादा गड निवडतात, त्याची माहिती काढतात आणि माती-दगडांतून बुरूज उभे करतात. प्रतिकृतीतून इतिहास शिकण्याची ही आपली जुनी रीत आहे. तीच रीत रुळांना लावावी. परदेशी मंडळांत एक पद्धत आहे. प्रत्येक सभासद आपल्या घरी मार्गाचा एकेक तुकडा तयार करतो. दोन्ही टोकांची उंची व रुळांची जागा तेवढी आधी ठरलेली असते. संमेलनाच्या दिवशी सगळे तुकडे एकमेकांस जोडले की सलग मार्ग तयार होतो. ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. दिंड्या आपापल्या गावाहून निघतात आणि नेमून दिलेल्या क्रमाने पालखीत सामील होतात, तसेच हे आहे. एका वर्गाने मिरजेचा फलाट करावा, दुसऱ्याने सांगोला करावे, तिसऱ्याने चंद्रभागेकाठचे पंढरपूर करावे. सुरुवातीला पुठ्ठा आणि बांबूच्या काड्या पुरतील. गाडी आपोआप धावलीच पाहिजे असा आग्रह नको. प्रत्येक तुकड्यासोबत त्या गाडीतून गेलेल्या एका तरी आजीचे किंवा आजोबांचे निवेदन विद्यार्थ्यांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि ते शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवावे.

माथेरानची १९०७ सालची दोन फुटी गाडी पुरात व दरडींत अनेकदा बंद पडली, आणि २०२२मध्ये पुन्हा घाट चढू लागली. ते भाग्य बार्शी लाइटला लाभणार नाही. रुंद रूळ आले ते लोकांच्या सोयीचेच झाले. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. मात्र सोय झाली म्हणून आधीची वाट विसरावी, असे कोणत्याही वारकऱ्याने आपल्याला शिकवलेले नाही. या कामास आरंभ करावयाचा तर तो याच वर्षी, घरातील वडीलधाऱ्यांपासून करावा, एवढे सुचवतो.