बिअरच्या बिघडलेल्या चवीचे निदान : पाश्चर आणि हान्सेन

बिअरची चव का बिघडते, हे शोधून काढण्याचे श्रेय सामान्यतः लुई पाश्चर यास दिले जाते. १८७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने सारा दोष जंतूंच्या माथी मारला. हा निर्णय अपुरा होता, असे आमचे मत आहे. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेतील बिअरला अप्रिय कडवटपणा व वास येऊ लागला. तेथील प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन यास संशय आला तो यीस्टचाच. परंतु उपद्रवी जंगली यीस्ट आणि इष्ट यीस्ट यांच्या पेशी केवळ रूपावरून ओळखणे दुर्घट. म्हणून मिश्रण विरल करीत त्याने एकेक पेशी विलग केली व प्रत्येकीचा वंश स्वतंत्रपणे वाढविला. त्यांपैकी उत्तम बिअर देणारा वंश नोव्हेंबर १८८३ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनात आला. पाश्चरने सुचविलेल्या टार्टरिक आम्लाच्या उपचाराने जंतू हटत. जंगली यीस्ट मात्र, हान्सेनने दाखविल्याप्रमाणे, उलट फोफावे! मद्यशाळेचा मालक याकोबसेन पाश्चरचा निस्सीम चाहता. त्यास हे प्रथम पटेना. पटल्यावर मात्र त्याने ते शुद्ध यीस्ट इतर मद्यशाळांनाही विनामूल्य दिले.