कृषी व जैवप्रणाली अभियांत्रिकी शिक्षण

कृषी व जैवप्रणाली अभियांत्रिकी शिक्षण म्हणजे माती, पाणी, पिके, पशुधन आणि अन्न यांच्याशी निगडित प्रश्नांवर अभियांत्रिकीची तत्त्वे लागू करण्याचे विद्यापीठीय शिक्षण होय. महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने कृषी विद्यापीठांमधून 'बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी)' या चार वर्षांच्या पदवीच्या रूपाने दिले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यासारख्या ऊस, भात, भुईमूग व सोयाबीन पिकवणाऱ्या भागात या ज्ञानशाखेचे जवळजवळ सर्व विषय प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

नाव व व्याप्ती

'जैवप्रणाली अभियांत्रिकी' हे नाव तुलनेने अलीकडचे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी आपल्या कृषी अभियांत्रिकी विभागांच्या नावात 'जैविक' किंवा 'जैवप्रणाली' हे शब्द समाविष्ट केले. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या संघटनेनेही २००५ मध्ये आपल्या नावात 'जैविक' या शब्दाची भर घातली. नांगर, पंप व बांध यांपुरता मर्यादित समजला जाणारा विषय आता संवेदक, अन्नप्रक्रिया, जैवऊर्जा व पर्यावरण यांपर्यंत विस्तारला आहे, हे या बदलामागील कारण होय. भारतात मात्र 'कृषी अभियांत्रिकी' हेच नाव रूढ आहे. ही शाखा जैवतंत्रज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकी या दोन्हींपासून भिन्न आहे.

इतिहास

दक्षिण महाराष्ट्रात शेतीतील यंत्रनिर्मितीची परंपरा या विषयाच्या औपचारिक शिक्षणापेक्षा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेळगावात लोखंडी नांगराचे उत्पादन सुरू केले व १९१० मध्ये आपला कारखाना आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथे हलविला.

भारतातील कृषी अभियांत्रिकीचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९४२ मध्ये अलाहाबाद कृषी संस्थेत मेसन वॉ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हा विषय शिकविला जाऊ लागला. महाराष्ट्रात १९६८ मध्ये कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर १९६९ मध्ये राहुरी येथे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयास पुढे माजी केंद्रीय मंत्री डॉ. अण्णासाहेब शिंदे यांचे नाव देण्यात आले.

संस्था

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे, या विषयाची घटक महाविद्यालये आहेत. कोल्हापूर जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील तळसंदे येथे डॉ. डी. वाय. पाटील कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. कोल्हापूर शहरातील राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय हे कृषी पदवीचे महाविद्यालय असून, कृषी व कृषी अभियांत्रिकी या दोन स्वतंत्र पदव्या आहेत. प्रवेश घेताना विद्यार्थ्यांनी हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

प्रवेश व अभ्यासक्रम

प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असतात. प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षेतील गुणांच्या आधारे दिले जातात. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार ठरते. पहिल्या टप्प्यात गणित, यामिकी, सर्वेक्षण, आरेखन व विद्युत अभियांत्रिकी यांबरोबरच मृदाशास्त्र व पीकशास्त्र शिकविले जाते. त्यानंतर पुढील मुख्य शाखांचा अभ्यास होतो:

* कृषी यंत्रे व शक्ती : ट्रॅक्टर, पेरणी, आंतरमशागत, फवारणी व कापणीची यंत्रे.
* मृद व जलसंधारण : पावसाचे पाणी व मातीची धूप यांचे गणित, बांधबंदिस्ती, पाणलोट विकास.
* सिंचन व निचरा : पिकाची पाण्याची गरज, ठिबक व तुषार संच, भूमिगत निचरा.
* प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी : वाळवण, साठवण, दळण, शीतकरण.
* अपारंपरिक ऊर्जा : बायोगॅस, सौर उपकरणे, पिकांच्या अवशेषांपासून इंधन.

अखेरच्या वर्षात कारखाना किंवा संशोधन केंद्रातील प्रशिक्षण, ग्रामीण अनुभव व प्रकल्प यांचा समावेश असतो.

गडहिंग्लज परिसर व अभ्यासविषय

गडहिंग्लज शहर हिरण्यकेशी नदीच्या काठी वसले आहे. ही नदी आंबोलीजवळ उगम पावून आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून पुढे कर्नाटकात घटप्रभेस मिळते. पश्चिमेकडे आजऱ्याच्या बाजूस पावसाचे प्रमाण जास्त, तर पूर्वेकडे ते झपाट्याने कमी होत जाते. त्यामुळे थोड्याच अंतरात उतारावरील धूप आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई हे दोन्ही प्रश्न आढळतात.

नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे अभियांत्रिकीचे स्थानिक उदाहरण आहे. दगडी खांबांमधील खाचांत पावसाळा संपताना बर्गे घालून पाणी अडविले जाते व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून पुरास वाट मोकळी केली जाते. बर्गे घालण्यास उशीर झाल्यास साठा कमी होतो आणि काढण्यास उशीर झाल्यास पुराचे पाणी काठावरील शेतात शिरण्याचा धोका वाढतो.

अडविलेल्या पाण्याचा मोठा वाटा उसाला जातो. काळ्या जमिनीत पाटाने सतत जास्त पाणी दिल्यास भूजल वर येते व क्षार पृष्ठभागावर साचतात. जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात अशा क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करण्यात आला आहे. नळ्यांची खोली, उतार व दोन नळ्यांमधील अंतर ठरविणे हा निचरा अभियांत्रिकीचा भाग आहे.

गूळनिर्मिती हे प्रक्रिया अभियांत्रिकीचे उदाहरण होय. गुऱ्हाळघरात उसाचा रस काहिलीत आटविताना चुलवाणात वाळलेली चिपाडे जाळली जातात. काकवी सुमारे १०५ अंश सेल्सिअसला, तर गूळ सुमारे ११८ अंशांना उतरविला जातो. एकाच काहिलीच्या पद्धतीत धुराबरोबर बरीच उष्णता वाया जाते. ती उष्णता रस आधीच तापविण्यासाठी वापरणे व चुलवाणाची रचना सुधारणे हे संशोधनाचे विषय आहेत. कोल्हापूर येथे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कार्यरत असून कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

उच्च शिक्षण व रोजगार

पदव्युत्तर प्रवेशासाठी 'गेट' परीक्षेत कृषी अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भारतीय कृषी संशोधन परिषदेची प्रवेश परीक्षाही घेतली जाते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था ही या क्षेत्रातील राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. परदेशात समकक्ष अभ्यासक्रम बहुधा जैवप्रणाली किंवा जैविक अभियांत्रिकी विभागांत आढळतात. पदवीधरांना ट्रॅक्टर व अवजारे उद्योग, सूक्ष्म सिंचन कंपन्या, अन्नप्रक्रिया उद्योग, बँकांतील कृषी अधिकारी पदे व शासकीय सेवा येथे संधी असते.

मान्यतेचा प्रश्न

शासकीय सेवेतील स्थान हा या शाखेपुढील वादाचा विषय राहिला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमातील बदलांमुळे कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे नुकसान होते, असा आक्षेप घेऊन २०२३ च्या प्रारंभी राहुरीसह राज्यातील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. राज्यात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र संचालनालय असावे, अशीही त्यांची मागणी होती. अभियांत्रिकी पदांच्या भरतीत स्थापत्य वा यांत्रिकी पदवी आणि कृषी पदांच्या भरतीत कृषी पदवी गृहीत धरली गेल्यास दोन्ही विषय शिकलेला पदवीधर दोन्हीकडे मागे पडतो, हा या मागण्यांमागील मुख्य युक्तिवाद आहे.