कमी खर्चातील घरची बाग

रोपवाटिकेतून बहरलेली रोपे, रंगीत कुंड्या आणि पोत्यांतील माती एकदम विकत आणणे हा बागेचा सर्वांत महागडा आणि बहुधा सर्वांत अल्पायुषी प्रकार होय. तेथील बरीच रोपे हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेली असतात. ती एकाएकी गच्चीवरील उन्हात ठेवली की आठवडाभरात माना टाकतात. म्हणून खरेदीपूर्वी आपल्याकडे ऊन किती तास येते, हे पाहावे. दक्षिणेकडील सज्जात हिवाळ्यात ऊन भरपूर असते. उत्तरेकडे त्या दिवसांत ते जवळजवळ येतच नाही. मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो यांना पाच-सहा तास थेट ऊन हवे. ते नसेल तर अळू, पुदिना, मनीप्लांट, नेचे यांवर समाधान मानावे.

कुंड्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. खाद्यतेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, जुने टब, काहीही चालते. तळाशी छिद्रे मात्र हवीतच. नवशिक्यांची रोपे पाण्याअभावी मरतात त्याहून अधिक पाणी साचून मुळे कुजल्याने मरतात. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

खरी बचत मातीत आहे. ओली माती भरलेल्या १२ इंची कुंडीचे वजन सहज २०-२५ किलो भरते आणि तो भार स्लॅबवर पडतो. त्याऐवजी निम्मा भाग कुजलेला पालापाचोळा, उरलेल्यात पोयट्याची माती व थोडे शेणखत घ्यावे. नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते. सोसायटीच्या आवारात जाळला जाणारा पाला हे फुकटचे खत आहे. तो छिद्रे पाडलेल्या पिंपात दाबून भरावा, विरजण म्हणून शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडावे, ओलसर ठेवावा व अधूनमधून हलवावा. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

रोपे तर शेजारीपाजारीच मिळतात. पावसाळ्याच्या प्रारंभी जास्वंद, मोगरा, तगर यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या तिरक्या कापून सावलीत लावाव्यात. पानओव्याची फांदी खोचली की रुजते, गवती चहाचा ठोंब वेगळा करून लावावा. भाजीच्या जुडीतील पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. धणे रगडून दोन दले वेगळी करून पेरावेत. मेथी महिन्याभरात खुडणीस येते. कोथिंबिरीला त्याहून थोडे अधिक दिवस लागतात. कढीपत्त्याला मात्र घाई करू नये, पहिले वर्ष त्याला वाढू द्यावे.

बंगल्याभोवती मोकळी जागा असल्यास पहिला मोह हिरवळीचा होतो. पाणीटंचाईच्या गावात हिरवळ म्हणजे रोजचे पाणी, कापणी आणि तण काढण्याची मजुरी. ती टाळणेच शहाणपणाचे. पायवाटेसाठी शहाबादी फरशीचे फुटके तुकडे बांधकामाच्या ठिकाणी स्वस्तात मिळतात. कडेला चिनी गुलाब लावावा. कुंपणासाठी कोयनेल किंवा मेंदी फांद्यांपासूनच वाढते. छाटणी मात्र नियमित हवी. मोठी झाडे भिंतीला व जलवाहिनीला खेटून लावू नयेत. कठड्याच्या फटीत उगवलेले वड-पिंपळाचे रोप दिसताच उपटावे. एकदा मुळे आत शिरली की गळतीची दुरुस्ती बागेच्या सर्व खर्चाहून भारी पडते.

पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलीलिटर निंबोळी तेल व साबणाचे थेंब मिसळून सायंकाळी फवारावे. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा प्रसार करणारे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.